लाइन : एका शब्दाचा पसारा

सुरतेजवळच्या हजीरा पट्ट्यात एखादा शेतकरी ‘आमच्या शेतात लाइन आली’ असे म्हणाला, तर ऐकणारा आपापल्या मुलखाप्रमाणे त्याचा अर्थ लावील. मुंबईकराच्या डोळ्यांपुढे रेल्वेचे रूळ येतील. नागपूर-अमरावतीकडील माणूस म्हणेल, ‘बरे झाले, वीज आली!’ बोलणाऱ्याच्या मनात यांपैकी काहीच नसते. त्याच्या शेताखालून नैसर्गिक वायू वाहून नेणारा पोलादी नळ गेलेला असतो. आणि त्या दिवसापासून शेत त्याचेच राहिले तरी पूर्वीइतके त्याचे राहिलेले नसते.

हे कसे, ते पाहण्यासारखे आहे. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्यान्वये सरकार जमीन विकत घेत नाही; जमिनीचा केवळ ‘वापरहक्क’ घेते. मालकी शेतकऱ्याकडेच राहते. नळ पुरून माती सारखी केली की त्याने खुशाल ज्वारी पेरावी, भाजी लावावी. मात्र त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर वा तळे खणता येत नाही आणि झाडही लावता येत नाही. भरपाई मिळते ती जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. पिकाझाडांचे नुकसान झाले असल्यास ते निराळे. बापजाद्यांच्या बांधावर आंब्याचे कलम लावण्याची मनाई ज्या एका शब्दाने होते, तो शब्द म्हणजे ‘लाइन’. ऐकायला किती निरुपद्रवी!

हजीऱ्याची लाइन साधीसुधी नव्हे. मुंबईच्या समुद्रात १९७६ साली वायूचा मोठा साठा सापडला. त्या क्षेत्राला आपल्या वसईचेच नाव मिळाले. अर्थात इंग्रजांनी वापरलेले ‘बॅसीन’ हे रूप. तेथील वायू समुद्राच्या तळावरून दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापून तापीच्या मुखाशी, हजीऱ्याला येतो. या वायूत गंधकाचा अंश असतो, म्हणून तंत्रज्ञ त्याला ‘आंबट’ म्हणतात आणि तो अंश काढून टाकण्याला ‘गोड करणे’! (इंग्रजांच्या कारखान्यातसुद्धा स्वयंपाकघर असते, ते असे.) पुढे तो नेण्यासाठी १९८४ मध्ये ‘गेल’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि हजीरा–विजयपूर–जगदीशपूर अशी सतराशे किलोमीटरांच्या घरातली नळवाहिनी तिने टाकली. बडोद्याजवळचे वाघोडिया, मग झाबुआ, मग गुणा जिल्ह्यातील विजयपूर, तेथून उत्तर प्रदेश. गायकवाड आणि शिंदे यांच्या जुन्या मुलखांतून ती गेली आहे. आमचे कितीएक वाचक पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावांत नांदत आहेत, त्यांच्या कुशीतूनच म्हणा ना!

आता शब्दाचे मूळ. इंग्रजी ‘लाइन’ ही लॅटिन ‘लीनुम’ची लेक. लीनुम म्हणजे जवस. होय, ज्याची चटणी खानदेशात आणि वऱ्हाडात भाकरीबरोबर खातात तेच. जवसाच्या खोडापासून जो धागा निघतो त्याची दोरी, ती ताणून धरली की सरळ रेषा; असा हा प्रवास. ‘लिनन’ हे कापड त्याच घरातले आणि पोलक्याला शिंपी जे ‘लायनिंग’ लावतो तेही, कारण अस्तर पूर्वी लिननचे असे. म्हणजे रेषेची लाइन आणि अस्तराचे लायनिंग ही सख्खी भावंडे. आपल्याकडे निराळे काय घडले? आपणही धाग्यापासूनच निघालो. सूत म्हणजे धागा, सूत्र म्हणजे नियम. आणि वात्रट मुलगा वठणीवर आला की तो ‘सुतासारखा सरळ’ येतो. इंग्रजाने जवस घेतला, आपण कापूस घेतला, एवढाच फरक. गवंड्याने तर दोघांचा समेट घडवून ‘लाइनदोरी’ असा जोडशब्द केला आहे. त्याची फोड ‘दोरीदोरी’ अशी होते, हे त्याला कोणी सांगू नये. भिंत सरळ येते, तेवढे पुरे.

हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर प्रथम ज्या ठिकाणी कानी पडला असेल, तेही हजीऱ्यापासून दूर नाही. सुवाळीचा किनारा तेथून हाकेच्या अंतरावर आहे. सुरतेला येणारी इंग्रजी गलबते तेथे नांगर टाकीत. १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची आरमारी झुंज झाली ती याच पाण्यात. खलाशाच्या तोंडी ‘लाइन’ म्हणजे दोर. पाण्याची खोली मोजायची ती शिसे बांधलेल्या लाइनीने. आणि नुसते ‘लाइन ओलांडली’ असे म्हटले, तर विषुववृत्त ओलांडले असा अर्थ. आफ्रिकेला वळसा घालून सुवाळीस येणाऱ्या जहाजाला ती दोनदा ओलांडावी लागे.

पुढे पलटणी आल्या, त्यांच्या राहुट्या आणि बराकी रांगेने उभ्या राहिल्या आणि लाइन वस्तीचे नाव झाली. पोलीस लाइन गावोगाव आहे. नागपुरात सिव्हिल लाइन्स आहे. लाइन बाजार कोल्हापुरातही आहे आणि धारवाडातही. कासार आळी, तांबट आळी म्हणणाऱ्या आपल्या लोकांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नव्हते. मग रेल्वे आली. सुरत-भुसावळ ही ‘ताप्ती लाइन’ झाली आणि तिने खानदेशातील हजारो घरे उधना-लिंबायतच्या मागांवर आणून सोडली. सुरतेतले आजचे मराठी मोठ्या प्रमाणावर या लाइनीचे देणे आहे. पुढच्या स्टेशनकडून गाडीला वाट मोकळी असल्याचा निरोप म्हणजे ‘लाइन क्लिअर’. तो निरोप आता लग्नाच्या बोलण्यांतही ऐकू येतो. टेलिफोनची लाइन लागेना झाली, विजेची लाइन ‘जाऊ’ लागली, रेशनच्या दुकानापुढे लाइन लागली. मुले सायन्स लाइनीला जाऊ लागली. सुरतेत तर ओळख होते तीच मुळी ‘तुमची लाइन कोणती?’ या प्रश्नाने. उत्तर हिऱ्याची, साड्यांची, जरीची असे काहीही येते. तरुण मंडळी जी लाइन ‘मारतात’, तिच्याविषयी कौटुंबिक मासिकात अधिक लिहिण्याची सोय नाही.

आमच्या मते या शब्दाने मराठीत जो जम बसविला, त्याला एक व्याकरणाचेही कारण असावे. ओळ, रांग, रेघ, वाट, तार, दोरी, शाखा ही सारी स्त्रीलिंगी मंडळी. त्यांच्या जागी बसणारी लाइनही स्त्रीलिंगीच झाली आणि ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’ असे विभक्तीचे लुगडे बिनतक्रार नेसली. पाहुणी म्हणून आलेली बाई घरची सून झाली. सुनेविषयी आमची तक्रार नाही. सासूबाई, जाऊबाई, नणंदा एकामागून एक घर सोडून चालल्या आहेत, ही आहे. गुजरातेत, माळव्यात, कर्नाटकात वाढणाऱ्या आपल्या मुलाला वहीतली रेघ, कवितेतली ओळ, देवळापुढची रांग ही तीन वेगळी चित्रे दिसत नाहीत. तिन्हीला तो लाइन म्हणतो. गुजराती मित्राला ते कळते, इंग्रजी शाळेत ते चालते, म्हणून घरीही कोणी अडवीत नाही. दुरेघी-चौरेघी वही मागितली तर दुकानदाराआधी मूलच आपल्याकडे पाहत राहते.

आणि हा प्रश्न केवळ भाषेच्या सौंदर्याचा नाही. सुरतेच्या वा बडोद्याच्या वेशीबाहेर जमिनीचा तुकडा पाहायला गेलेल्या कुटुंबाला विकणारा सहज सांगतो, ‘येथून लाइन गेली आहे.’ पाण्याची असेल तर आनंद. सांडपाण्याची असेल तर सोय. उच्च दाबाच्या विजेची असेल तर घराचा आराखडा मागे सरकवावा लागेल. वायूची असेल तर तिच्या पट्ट्यात घरच होणार नाही. आयुष्यभराची शिल्लक ओतताना या चार लाइनींत भेद न करणे परवडत नाही. विचारण्याचा प्रश्न अगदी लहान आहे : कसली लाइन, आणि तिचा पट्टा कुठून कुठवर? वायूची नळवाहिनी डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्या मार्गावर ठिकठिकाणी खुणेचे खांब आणि इशाऱ्याच्या पाट्या रोवलेल्या असतात. जमीन पाहायला जाताना गवताआड त्या आहेत का, हे आधी पाहावे; इसार नंतर द्यावा.