सांधा

महाड शहरात किंवा पोलादपुरात रेल्वे नाही. आगगाडीने जायचे असेल तर तिथले बरेच लोक वीर स्टेशन गाठतात. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा मार्ग १९९३ साली सुरू झाला आणि २०२१ साली दुहेरी झाला. वीरच्या पुढे, खेडच्या दिशेने, मात्र मार्ग एकेरी आहे. म्हणजे इथे दोन वाटांची एक वाट होते. ती कशी होते?

आगगाडीला मोटारीसारखे स्टिअरिंग नसते. ड्रायव्हर गाडी चालवतो, थांबवतो, वळवत नाही. गाडी कुठे जाणार, हे रूळ ठरवतात. जिथे एका मार्गातून दुसरा मार्ग फुटतो, त्या जागेला सांधा म्हणतात. उर्दूत तुम्ही त्यालाच काँटा म्हणता.

सांधा समजून घ्यायचा असेल तर तो हाताने तयार करून पाहावा. छोट्या आगगाड्यांचा छंद असलेले लोक हेच करतात. पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले अशा गाड्यांचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. या छंदात १:८७ हे प्रमाण फार वापरतात. त्यात दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने गुणून पाहा. सुमारे १४३५ येतील. हे युरोपातील रुळांचे माप आहे. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर असते.

तयार सांधे विकत मिळतात. हाताने करणारा मात्र आधी सांध्याचा पूर्ण आकाराचा नकाशा कागदावर काढून फळीवर चिकटवतो. त्यावर तांब्याचा थर असलेल्या अरुंद पट्ट्या मांडतो. या झाल्या स्लीपर. त्यांवर बारीक रूळ ठेवून कथलाचा डाग देतो. छोट्या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. म्हणून प्रत्येक पट्टीवरचा तांब्याचा थर मध्ये कानशीने तोडावा लागतो; नाहीतर दोन्ही रूळ जोडले जाऊन वीज इंजिनापर्यंत पोचतच नाही.

बाहेरचे दोन रूळ हलत नाहीत. आतल्या दोन रुळांची टोके घासून सुरीसारखी पातळ करतात. त्यांना टंग रेल म्हणतात. त्या दोन्ही एकदम सरकतात. एक बाहेरच्या रुळाला चिकटली की दुसरी दूर होते आणि चाकाची वाट ठरते.

खरी अडचण पुढेच आहे. एका मार्गाचा रूळ दुसऱ्या मार्गाच्या रुळाला छेदतो. चाकाला आतल्या बाजूने उंच कड असते. तिला जाण्यासाठी तिथे खाच ठेवावी लागते. या जागेला क्रॉसिंग म्हणतात. पण खाचेपाशी चाकाला धरणारे काहीच नसते! म्हणून समोरच्या रुळाजवळ, आतून, एक आखूड जादा रूळ लावतात. हा चेक रेल. तो दुसऱ्या चाकाची कड अडवून धरतो. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असल्यामुळे पहिले चाकही भरकटत नाही. मला तरी सबंध सांध्यात हीच युक्ती सर्वांत सुंदर वाटते.

सांधा पुरा झाला की लगेच इंजिन चालवू नये. आधी एक रिकामा डबा बोटाने हळू ढकलावा. डबा जिथे अडखळतो, तिथले बोटाला कळते. बहुधा टंग रेल नीट चिकटलेली नसते. बारीकशी फट राहिली तरी कड तीत शिरते आणि डबा घसरतो. आपण हसून तो उचलून ठेवतो. खऱ्या गाडीत माणसे बसलेली असतात. म्हणून टंग रेल पूर्ण भिडून तिथेच पक्की अडकल्याशिवाय गाडीला पुढे जाण्याचा सिग्नल मिळत नाही.

वीरच्या फलाटावर उभे असाल तेव्हा कान देऊन ऐका. सांध्यावरून जाताना गाडीचा ठेका बदलतो. मध्येच जी जोराची खडखड ऐकू येते, ती क्रॉसिंगच्या खाचेची असते.