दातातलं सिमेंट, लेझर आणि न दिसणारी फट

दाताच्या उपचारासाठी गटातून कर्ज मागायला आलेल्या ताई हल्ली आम्हाला विचारतात, "लेझरने भरलेलं सिमेंट जास्त टिकतं का? त्यासाठी जादा पैसे द्यावेत का?" आज त्याबद्दलच बोलू या.

दाताच्या रंगाच्या सिमेंटला डॉक्टर कंपोझिट म्हणतात. ते मऊ असतं, निळा लाईट मारला की कडक होतं. पण कडक होताना साधारण २ ते ३ टक्के आकसतं. भिंतीला लिंपलेली ओली माती वाळताना कडेने सुटते ना, तसंच. ही फट डोळ्यांना दिसत नाही, पण त्यातून लाळ आणि जंतू आत झिरपतात. मग थंड पाण्याने कळ येते, सिमेंटखाली पुन्हा कीड लागते आणि दुसऱ्यांदा पैसे जातात.

सिमेंटने दात घट्ट धरावा म्हणून आधी दाताला फॉस्फोरिक ॲसिड लावून तो खरखरीत करतात. ही युक्ती अमेरिकेतले मायकल बुओनोकोर यांनी १९५५ साली मांडली. त्यावर चिकट द्रव लावून मग सिमेंट भरतात.

आता लेझर. अर्बियम जातीच्या लेझरने दातातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि किडलेला भाग कणाकणाने उडतो. ड्रिलची थरथर नसते, बहुतेकांना दुखतंही कमी. ड्रिलने दातावर भुकटीचा थर बसतो, तो इथे नसतो. म्हणून सिमेंट अधिक घट्ट बसेल, अशी संशोधकांची अपेक्षा होती.

काढलेले दात भरून, रंगाच्या पाण्यात बुडवून, रंग किती आत शिरतो ते त्यांनी तपासलं. निकाल एकसारखे आले नाहीत. नुसता लेझर मारून ॲसिड वगळलं, तर बऱ्याच वेळा गळती वाढली. लेझरनंतर ॲसिड लावलं, तर काम बहुधा ड्रिलच्या तोडीचं झालं. लेझरचा जोर जास्त झाला, तर दाताचा आतला भाग भाजतो आणि सिमेंटची पकड ढिली होते.

म्हणजे ड्रिलची फार भीती वाटत असेल, तर लेझर जरूर घ्या. पण केवळ टिकाऊपणासाठी कर्ज वाढवू नका.

त्यापेक्षा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. भरताना दात लाळेपासून कोरडा ठेवणार का? खोल खड्डा असेल तर थराथराने भरून प्रत्येक थराला लाईट देणार का? लेझर वापरला, तरी ॲसिड आणि चिकट द्रव लावणार का?

आणि मिश्री सोडाच. तंबाखूने हिरड्या खाली सरकतात, दाताचं मूळ उघडं पडतं. तिथे वरचं कडक आवरण नसतं, त्यामुळे सिमेंटची पकड तिथेच सगळ्यात कच्ची राहते. तिथे लेझरचाही भरवसा नाही.

भरलेला दात सहा महिन्यांनी दाखवून घ्या. फट लवकर कळली, तर दात वाचतो आणि गटाचा हप्ताही वाचतो.