राजनिष्ठ जर्मन पूर्वजाच्या शोधाची उलटी वाट

कॅनडातील आँटारिओ प्रांतात सेंट लॉरेन्स नदीच्या काठाने आणि क्विंटी उपसागराच्या परिसरात अशी असंख्य घराणी आहेत, जी स्वतःला इंग्रजी राजसत्तेशी एकनिष्ठ राहिलेल्या वसाहतकारांचे वंशज म्हणवतात, परंतु ज्यांचा मूळ पुरुष इंग्रज नव्हता, तर ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातून आलेला जर्मन शेतकरी किंवा द्राक्षमळेवाला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात (1775 ते 1783) तिसऱ्या जॉर्ज राजाची बाजू घेणाऱ्या आणि त्यापायी घरदार गमावून इंग्रजांच्या उरलेल्या प्रदेशात आश्रयाला गेलेल्या लोकांना ‘लॉयलिस्ट’, म्हणजे राजनिष्ठ, असे नाव पडले. त्यांच्यातील जर्मनांचा शोध घेणे हे वंशावळीच्या अभ्यासातील अवघड कामांपैकी एक मानावे लागते, कारण असा एकच मनुष्य तीन देशांच्या कागदांत, दोन भाषांत आणि अनेकदा चार-पाच निरनिराळ्या नावांनी वावरतो. हा शोध नेहमी उलट्या दिशेने, म्हणजे वंशजाकडून पूर्वजाकडे आणि कॅनडाकडून जर्मनीकडे, करावा लागतो. त्यात नावापेक्षा शेजार अधिक विश्वासार्ह ठरतो.

या वाटेवरचा पहिला मुक्काम म्हणजे अप्पर कॅनडा, अर्थात आजच्या आँटारिओचा 1791 मध्ये स्थापन झालेला पूर्वावतार, आणि तेथील जमिनीचे अर्ज. गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर यांनी 9 नोव्हेंबर 1789 रोजी असा ठराव करविला की, 1783 च्या तहापूर्वी राजाच्या झेंड्याखाली आलेल्या कुटुंबांची स्वतंत्र नोंद ठेवावी, त्यांना व त्यांच्या वंशजांना सन्मानाची खूण मिळावी आणि त्यांच्या मुलामुलींना प्रत्येकी 200 एकर जमीन द्यावी. या सन्मानातूनच नावापुढे ‘यू. ई.’, म्हणजे साम्राज्याच्या एकतेचे पाईक, ही अक्षरे लावण्याची प्रथा रूढ झाली. जमीन मुलाला वयात आल्यावर, तर मुलीला वयात आल्यावर किंवा लग्न झाल्यावर मिळत असल्यामुळे मुलींचे अर्ज आज संशोधकाला सर्वाधिक उपयोगी पडतात. अशा अर्जात स्त्रीचे नाव, तिच्या नवऱ्याचे नाव व गाव आणि ती कोणत्या राजनिष्ठाची कन्या हे सारे एकाच कागदावर येते, आणि चर्चच्या नोंदवह्या अपुऱ्या असलेल्या त्या काळात माहेर आणि सासर यांचा दुवा जोडणारा दुसरा पुरावा बहुधा नसतोच. कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागारात जपलेले हे अर्ज आता संगणकावरही पाहता येतात.

तथापि, जर्मन नाव आणि अप्पर कॅनडातील जमीन या दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे पूर्वज राजनिष्ठ ठरला, असे मानण्याची घाई करू नये. इंग्लंडने या युद्धासाठी हेसेन-कासेल, ब्राउनश्वाइग आणि इतर जर्मन संस्थानांकडून सुमारे 30,000 सैनिक भाड्याने घेतले होते, ज्यांना सरसकट ‘हेशियन’ म्हटले जाते. युद्धानंतर त्यांच्यापैकी काही जण कॅनडातच राहिले व क्विंटी उपसागराकाठी मॅरीसबर्ग वसाहतीत जमीन घेऊन स्थायिक झाले. हे सैनिक आपल्या संस्थानिकाच्या हुकुमाने आलेले होते. अमेरिकेत त्यांचे घर नव्हते आणि म्हणून राजनिष्ठेपायी ते गमावण्याचा प्रश्नही नव्हता. दुसरा गट पेनसिल्व्हेनियातून आलेल्या जर्मन भाषक मेनोनाइट पंथीयांचा, ज्यांचा धर्मच शस्त्र धरण्याच्या विरोधात होता आणि जे बहुतांशी युद्ध संपल्यावर स्वस्त जमिनीच्या ओढीने उत्तरेकडे सरकले. या तीन प्रकारच्या जर्मनांची गल्लत झाली, तर पुढचा सारा शोध चुकीच्या अभिलेखागारात होतो.

खऱ्या राजनिष्ठ जर्मनाचा माग 1784 च्या कागदांत लागतो. त्या वर्षी गव्हर्नर फ्रेडरिक हॅल्डिमंड यांच्या देखरेखीखाली बरखास्त पलटणींना नदीकाठी वसविण्यात आले. वसाहत नीट उभी राहीपर्यंत सरकार शिधा पुरवीत असल्यामुळे प्रत्येक कुटुंबातील पुरुष, स्त्रिया, दहा वर्षांवरील व दहा वर्षांखालील मुले आणि नोकर यांची मोजदाद होत असे. हॅल्डिमंड यांच्या दप्तरातील हे हजेरीपट आणि शिधावाटपाच्या याद्या एकापुढे एक ठेवल्या की जन्म, मृत्यू आणि मुलांची वये यांचा बराच अंदाज बांधता येतो. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, हेही नोंदविले पाहिजे. किंग्स्टनच्या परिसरातील प्रदेश 1783 मध्ये मिसिसॉगा या मूळ रहिवाशांकडून ‘क्रॉफर्ड खरेदी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवहारात घेण्यात आला होता, आणि राजनिष्ठांच्या कौतुकाच्या ग्रंथांत या व्यवहाराला फार थोडी जागा मिळते.

वसाहतीची रचनाच संशोधकाच्या मदतीला येते. सर जॉन जॉन्सन यांच्या ‘किंग्ज रॉयल रेजिमेंट ऑफ न्यू यॉर्क’ या पलटणीच्या पहिल्या तुकडीला सेंट लॉरेन्सकाठचे पहिले पाच तालुके मिळाले, आणि ते धर्मपंथ व मूळ भूमी पाहून वाटण्यात आले: पहिल्यात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील कॅथलिक, दुसऱ्यात स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, तिसऱ्यात, म्हणजे ऑस्नाब्रुकमध्ये, कॅल्व्हिनपंथी जर्मन, चौथ्यात, म्हणजे विल्यम्सबर्गमध्ये, लूथरपंथी जर्मन आणि पाचव्यात अँग्लिकन. त्यामुळे पूर्वजाची जमीन कोणत्या तालुक्यात होती एवढे कळले, तरी त्याचा पंथ कोणता असावा आणि त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद कोणत्या चर्चमध्ये शोधावी, याची दिशा मिळते. विल्यम्सबर्गच्या लूथरपंथीयांना 1791 मध्ये योहान सॅम्युएल श्वेर्टफेगर हे पाद्री लाभले. स्वतः जर्मनीत जन्मलेले आणि न्यू यॉर्कमध्ये राजनिष्ठेबद्दल छळ सोसलेले हे धर्मगुरू 1803 मध्ये तेथेच वारले. याच तालुक्यातील जॉन क्रायस्लर या जर्मन वंशाच्या राजनिष्ठाच्या शेतावर 11 नोव्हेंबर 1813 रोजी अमेरिकन सैन्याचा पराभव झाला. पुढे सेंट लॉरेन्स जलमार्ग व वीजप्रकल्पासाठी 1 जुलै 1958 रोजी पाणी सोडण्यात आले, तेव्हा या काठावरची गावे, शेते आणि दफनभूमी बुडाल्या. काही थडग्यांचे दगड हलवून मॉरिसबर्गजवळच्या स्मारकात बसविण्यात आले आहेत. थडग्यावरील लेखाचा पुरावा शोधणाऱ्याने म्हणूनच दगड आज जेथे आहे तेथेच पूर्वजाचे दफन झाले असे गृहीत धरू नये.

येथून मागे, न्यू यॉर्ककडे जाण्याचा पूल म्हणजे नुकसानभरपाईचे दावे. ब्रिटिश संसदेने 1783 मध्ये राजनिष्ठांच्या हानीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला आणि त्याचे दोन सदस्य, थॉमस डंडास व जेरेमी पेंबर्टन, यांनी उत्तर अमेरिकेत येऊन हॅलिफॅक्स, माँट्रियल इत्यादी ठिकाणी साक्षी घेतल्या. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ऑडिट ऑफिसच्या बाराव्या व तेराव्या मालिकेत हे कागद आहेत, आणि त्यांतील बराच भाग आँटारिओच्या अभिलेख खात्याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी छापलाही आहे. जर्मन दावेदाराच्या जबानीत तो मूळचा जर्मनीचा आहे, अमुक वर्षी अमेरिकेत आला, कोणत्या पलटणीत किती काळ लढला, किती एकर जमीन खंडाने किंवा मालकीने कसत होता, त्यातील किती साफ केली होती आणि घोडे, गाई, धान्य, नांगर यांपैकी काय काय लुटले गेले, हे क्रमाने येते. काहींच्या मालमत्तेच्या यादीत गुरांच्या ओळीतच गुलाम माणसेही मांडलेली आढळतात, आणि पूर्वजाचा अभिमान बाळगणाऱ्या वंशजाने ती ओळ गाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दावा हा पैशासाठी केलेला अर्ज असल्यामुळे त्यातील किमती वाढविलेल्या असू शकतात. परंतु दावेदाराच्या बाजूने साक्ष देणारे शेजारी कोण, ही माहिती मात्र अमूल्य असते.

हे शेजारी बहुधा मोहॉक आणि स्कोहॅरी नद्यांच्या खोऱ्यांतले निघतात. तेथे सर विल्यम जॉन्सन या बलाढ्य जमीनदाराच्या इस्टेटीवर अनेक जर्मन कुळे शेती करीत. सर विल्यम 1774 मध्ये वारले आणि त्यांचे पुत्र सर जॉन 1776 च्या मे महिन्यात माँट्रियलकडे निसटले, तेव्हा कित्येक कुळांनी त्यांची वाट धरली. ब्रिटनच्या राणी अ‍ॅनने 1709 मध्ये जर्मनीतून आलेल्या त्यांच्या आजोबांना आश्रय दिला म्हणून नातू राजाप्रती कृतज्ञ राहिले, असे कारण पुष्कळदा सांगितले जाते, पण ते पुरेसे नाही, कारण त्याच आजोबांचे इतर नातू स्वातंत्र्यवाद्यांच्या बाजूने लढले. जमिनीचा मालक कोण, शेजारी कोणत्या बाजूला गेले आणि गावच्या समितीने किती जाच केला, या गोष्टींनी अनेकांचा पक्ष ठरला. ऑरिस्कनीच्या लढाईत (6 ऑगस्ट 1777) स्वातंत्र्यवाद्यांचे नेतृत्व करताना जखमी होऊन पुढे मृत्युमुखी पडलेला जनरल निकोलस हर्किमर हा पॅलॅटिन, म्हणजे ऱ्हाईनकाठच्या पॅलॅटिनेट प्रदेशातून आलेल्या जर्मनांच्या, वंशाचा होता, तर त्याचा सख्खा भाऊ योहान योस्ट राजनिष्ठ ठरून किंग्स्टनकडे गेला, आणि त्याच्या शाखेचे आडनाव कॅनडात ‘हर्चमर’ असे लिहिले जाऊ लागले. सर जॉनच्या पलटणीने 1780 मध्ये स्कोहॅरी व स्टोन अरेबियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा जर्मनांनी जर्मनांचीच कोठारे जाळली.

म्हणून राजनिष्ठ पूर्वजाचा अभ्यास करताना त्याच्या शत्रूंचे कागद वाचणे अपरिहार्य आहे. ट्रायॉन परगण्याच्या सुरक्षा समितीची टिपणे, ऑल्बनीच्या कटशोधन आयुक्तांचे 1778 ते 1781 या काळातील इतिवृत्त आणि न्यू यॉर्कच्या 1779 च्या कायद्यान्वये झालेल्या मालमत्ता जप्तीच्या नोंदी यांत पूर्वज संशयित, जामीनदार किंवा फरारी म्हणून भेटतो. परगण्यांची नावे बदलल्याचे भानही ठेवावे लागते, कारण 1772 मध्ये निर्माण झालेला ट्रायॉन परगणा 1784 पासून माँटगोमेरी झाला, आणि एकाच शेताची कागदपत्रे दोन नावांखाली विभागली गेली.

या टप्प्यावर नावांचा गोंधळ सर्वांत जाचक ठरतो. जर्मन मुलाला बाप्तिस्म्यात सहसा दोन नावे मिळत आणि पहिले नाव बहुतेक वेळा ‘योहान’ असे, त्यामुळे एकाच घरातील चारही मुलगे योहान असू शकत. व्यवहारात दुसरे नाव चालत असे. आडनाव इंग्रज कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले, म्हणून श्नायडरचा स्नायडर आणि मायरचा मायर्स झाला, तर झिमरमानचे भाषांतर होऊन कारपेंटर झाले. पण बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममातापित्यांची, म्हणजे मुलाच्या धर्मशिक्षणाची हमी घेणाऱ्यांची, नावे असतात. मुलाला बहुधा त्यांचेच नाव दिले जाई आणि ते सहसा नातलग किंवा जवळचे शेजारी असत. तारखांबाबत इतकेच सांगायचे की, इंग्रजी वसाहतींनी नवे कॅलेंडर 1752 मध्ये स्वीकारले आणि तोवर त्यांचे कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होत असे, म्हणून जानेवारी ते मार्च या महिन्यांतील जुन्या सरकारी नोंदींत वर्ष एकाने मागे असू शकते.

मोहॉक खोऱ्यातील अनेक जर्मन घराण्यांचे मूळ 1709 च्या स्थलांतरात आहे. युद्धांनी उद्ध्वस्त झालेल्या, जड करांनी पिचलेल्या आणि त्या वर्षीच्या भीषण हिवाळ्याने द्राक्षवेली गमावलेल्या पॅलॅटिनेट व आसपासच्या प्रदेशांतून सुमारे 13,000 माणसे रॉटरडॅममार्गे लंडनला पोहोचली. त्यांतील सुमारे 3,000 आयर्लंडला पाठविली गेली. अमेरिकेतील मेथडिस्ट पंथाच्या आद्य प्रवर्तकांत गणली जाणारी बार्बरा हेक याच आयरिश पॅलॅटिनांपैकी होती. ती 1760 मध्ये न्यू यॉर्कला आली, राजनिष्ठ कुटुंबासह कॅनडात गेली आणि 1804 मध्ये तेथेच वारली, त्यामुळे पूर्वज आयर्लंडहून आल्याची नोंद त्याच्या जर्मनपणाच्या आड येत नाही. आणखी सुमारे 3,000 जणांना गव्हर्नर रॉबर्ट हंटर 1710 मध्ये हडसन नदीकाठी घेऊन गेला, जहाजांसाठी पाइनच्या झाडांपासून डांबर करण्याकरिता. ही योजना 1712 मध्ये कोसळली, पण हंटरने ठेवलेले शिध्याचे हिशेब, योशुआ कोखरथाल या पाद्र्याची नोंदवही आणि उलरिख झिमेंडिंगरने 1717 च्या सुमारास जर्मनीत छापलेली कुटुंबांची यादी आज आधारभूत ठरतात.

शेवटचे पाऊल, म्हणजे जर्मनीतील नेमके गाव शोधणे, कित्येक पिढ्या अशक्यप्राय समजले जात होते. हेन्री झी. जोन्स या अमेरिकन अभ्यासकाने ते ज्या पद्धतीने साध्य केले, ती सोपी आणि कष्टाची होती: हंटरच्या याद्यांत ज्यांची नावे शेजारी-शेजारी येतात ती कुटुंबे मूळ गावीही शेजारी असावीत, असे धरून एकाचे गाव सापडताच त्याच्या आसपासच्या गावांच्या चर्चच्या नोंदवह्या त्यांनी बाकीच्यांसाठी चाळून घेतल्या. जो शेजार ऱ्हाईनकाठच्या गावात जुळला, तोच हडसनकाठच्या छावणीत, मोहॉकच्या शेतांवर, सर जॉनच्या पलटणीत आणि अखेरीस सेंट लॉरेन्सच्या तालुक्यांत पुष्कळ अंशी टिकला, आणि म्हणूनच एकट्या पूर्वजाचा शोध घेणाऱ्यापेक्षा त्याच्या अवतीभवतीच्या दहा घरांचा शोध घेणारा लवकर मुक्कामी पोहोचतो. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जोन्स यांच्या ग्रंथात 847 कुटुंबांचा वृत्तांत असून, त्यांपैकी पाचशेहून अधिक कुटुंबांची मूळ गावे निश्चित झाली आहेत.