कोतवाल वाचतो, सारस का मरतो?

गोंदिया जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, पण पाण्याची शोभा पाहायला दूर जावे लागत नाही. पूर्वी येथील कोहळी समाजाच्या लोकांनी टेकड्यांमधील जागा हेरून बांध घातले, पाणी अडविले आणि त्यावर भात पिकविला. अठराव्या शतकाच्या आरंभीचा नवेगावबांध तलाव हा त्यांतलाच. त्याच्या भोवतालच्या अरण्याला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात उत्तरेकडची बदके येथे उतरतात आणि सुटीत अनेक कुटुंबे मोटारीने येथे येतात. नागपूर-रायपूर महामार्गावर कोहमारा येथे वळले की थोड्याच वेळात तुम्ही तलावापाशी पोचता.

या वाटेवर खिडकीतून बाहेर पाहत राहा. शेताकडेच्या विजेच्या तारांवर कोतवाल, वेडे राघू, एखादा नीलकंठ खुशाल बसलेले दिसतील. त्या तारांत बहुधा ११,००० व्होल्टचा विद्युतदाब असतो. घरातल्या २३० व्होल्टचा झटकासुद्धा माणसाचा प्राण घेऊ शकतो. मग या पाखरांना काहीच कसे होत नाही?

पुष्कळांना वाटते, पक्ष्यांच्या पायांची कातडी विसंवाहक असते म्हणून. हे खरे उत्तर नव्हे. पाण्याचे उदाहरण घ्या. उंच टाकीत कितीही पाणी असले तरी नळीच्या दोन्ही टोकांशी दाब सारखाच असेल तर ते तीतून वाहत नाही; दोन टोकांच्या दाबांत फरक असला तरच वाहते. विजेचेही तसेच आहे. एका बिंदूचा दाब किती, याला महत्त्व नाही. दोन बिंदूंच्या दाबांत फरक किती, याला महत्त्व आहे. या फरकाला आपण विभवांतर म्हणतो.

आता थोडे गणित करू. तारेच्या एक किलोमीटर लांबीचा रोध अर्धा ओहम आणि तीतून वाहणारा प्रवाह १०० अँपिअर धरू. कोतवालाच्या दोन पायांत ५ सेंटिमीटर अंतर आहे असे मानले, तर तेवढ्या तुकड्याचा रोध ०.००००२५ ओहम येतो. ओहमच्या नियमाप्रमाणे दोन पायांमधील विभवांतर झाले १०० × ०.००००२५, म्हणजे ०.००२५ व्होल्ट. पक्ष्याच्या शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर त्याच्या अंगातून जाणारा प्रवाह अवघा ०.०००००२५ अँपिअर! हा प्रवाह त्याला जाणवणारही नाही.

पण त्याच पक्ष्याने एक पाय एका तारेवर आणि दुसरा पाय शेजारच्या तारेवर ठेवला तर? आता विभवांतर पुरे ११,००० व्होल्ट. त्याला १००० ने भागा. प्रवाह येतो ११ अँपिअर. पहिल्या प्रवाहाच्या ४४ लाख पट! शरीर क्षणात भाजून निघते. कोतवालाच्या बाबतीत असे सहसा घडत नाही, कारण दोन तारांमधील अंतर साधारण एक मीटर असते आणि एवढा त्याचा पंखविस्तारच नाही. त्याला वाचवितो तो त्याचा लहान आकार.

येथेच सारसाचा प्रश्न उभा राहतो. सारस हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. उभा राहिला तर सुमारे १.८ मीटर भरतो आणि पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ २.४ मीटर. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या भागातच दिसतो. परसवाडा, झिलमिली येथील तळी आणि वैनगंगा व बाघ या नद्यांकाठच्या भाताच्या बांध्या ही त्याची राहण्याची ठिकाणे.

सारस तारेवर बसत नाही. त्याच्या पायाचे मागचे बोट आखूड व वर असल्याने त्याला फांदी किंवा तार धरताच येत नाही. मग तो तारेपाशी जातो कशाला? सकाळी पाण्याकडून शेताकडे आणि संध्याकाळी शेताकडून पाण्याकडे तो उडतो, तेव्हा तारा वाटेत येतात. एक सेंटिमीटर जाडीची तार सुमारे ३४ मीटरवरून आपल्या डोळ्याशी अंशाचा फक्त साठावा भाग एवढाच कोन करते. निरोगी माणसाची नजर साधारण येथेच संपते. अंधूक उजेडात तर ती आणखी जवळ आल्यावरच दिसेल. सहा-सात किलो वजनाचे, रुंद पंखांचे शरीर एवढ्या थोड्या अंतरात वळविणे अवघड. सारस तारेवर आपटतो, किंवा त्याचे पंख एकाच वेळी दोन तारांना टेकतात आणि विद्युतमंडल पूर्ण होते.

सारसाची मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते आणि सगळी पिल्ले जगत नाहीत. म्हणून एक वाढलेला सारस मेला तर ती तूट भरून यायला वर्षे लागतात. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या पक्ष्याच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा तारांचा प्रश्नही पुढे आला.

उपाय वरच्या गणितातच आहेत. तारा जमिनीखालून नेल्या तर टक्करच होणार नाही. तारांमधील अंतर पक्ष्याच्या पंखविस्ताराहून अधिक ठेवले, किंवा तारांवर विसंवाहक वेष्टण चढविले, तर मंडल पूर्ण होणार नाही. तारांवर ठरावीक अंतराने चकाकणाऱ्या तबकड्या टांगल्या तर तार दुरून दिसेल.

घरी एक सोपा प्रयोग करून पाहा. टॉर्चचा घट, दोन उघड्या तारा आणि छोटा दिवा घ्या. दिव्याची दोन्ही टोके एकाच तारेला लावा. दिवा लागणार नाही. एक टोक दुसऱ्या तारेला लावा, तो लागेल. पहिला दिवा म्हणजे कोतवाल, दुसरा म्हणजे सारस. प्रयोग घटावरच करावा, घरच्या विजेवर मुळीच नाही. आणि खऱ्या तारेत पतंग अडकला तर तो काठीने काढायला जाऊ नका. तुम्ही जमिनीवर उभे असता. तुमच्यासाठी ती जमीनच दुसरी तार असते.