डबल बेल

खर्डी सोडून नाशिककडे निघालं की थोड्याच वेळात कसारा घाट लागतो. रेल्वेच्या घाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे, म्हणून कसाऱ्याला गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात. रस्त्यावरच्या ट्रकला आणि एसटीला असा जोड मिळत नाही, तिथे सगळा भार ड्रायव्हरच्या हातावर आणि गिअरवर. घाटाखालच्या शहापूर तालुक्यात ही कला जाणणारे पुष्कळ. म्हणून रजनीकांत यांची गोष्ट इथे सांगताना मी ती कंडक्टरपासून नव्हे, ड्रायव्हरपासून सुरू करतो.

ड्रायव्हरचं नाव राजबहादूर. नोकरी बंगळूरच्या शहर बससेवेत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या जोडीला शिवाजीराव गायकवाड, म्हणजे पुढचा रजनीकांत, हा तरुण कंडक्टर होता. जन्म बंगळूरचा, १२ डिसेंबर १९५०चा, पण घर मराठी. मूळ गाव पुरंदर तालुक्यातलं मावडी कडेपठार आणि वडील रामोजीराव पोलीस शिपाई. दोघांच्या बसचा मार्ग १०-ए, श्रीनगर ते मॅजेस्टिक.

कंडक्टरकीत दिवसभर काय करावं लागतं? हलत्या गाडीत दांडा न धरता तोल सांभाळायचा, बोटांनी तिकीट फाडायचं, सुटे मोजायचे आणि मागच्या सीटपर्यंत आवाज पोचवायचा. तोल, हात, आवाज. नटाच्या तालमीत दुसरं काय असतं? शिवाजीरावची तिकीट देण्याची, केस मागे सारण्याची लकब बघण्यासाठी प्रवासी त्याच्याच गाडीची वाट बघत, असं राजबहादूर यांनी पुढे अनेकदा सांगितलं. परिवहन कर्मचाऱ्यांच्या हौशी नाटकांत तो दुर्योधन करायचा. राजबहादूर यांनी ते पाहिलं आणि मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटला जा म्हणून धोशा लावला. नुसता सल्ला देऊन ते थांबले नाहीत. ड्रायव्हरच्या पगारातून ते त्याला पैसे पाठवत राहिले. १९७५मध्ये के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ’मधून तो पडद्यावर आला.

ताऱ्यांच्या चरित्रांत अशा नोकऱ्या केवळ गरिबीचा दाखला म्हणून येतात, हे मला पटत नाही. बदरुद्दीन काझी बेस्टच्या बसमध्ये तिकिटं फाडता फाडता प्रवाशांना हसवत होते. तिथेच बलराज साहनींची नजर त्यांच्यावर पडली. साहनींनी लिहिलेल्या ‘बाझी’त (१९५१) गुरुदत्तने त्यांना घेतलं आणि जॉनी वॉकर हे नावही दिलं. म्हणजे निवड झाली ती नोकरीतल्याच खेळावर.

मेहमूद तर खरोखर स्टिअरिंगवरच बसले. वडील मुमताज अली नर्तक-नट, स्वतः ‘किस्मत’मध्ये (१९४३) लहानपणीचा अशोककुमार झालेले, तरी मोठेपणी काम मिळेना. मीनाकुमारीला टेबल टेनिस शिकवलं, दिग्दर्शक पी. एल. संतोषी यांची मोटार चालवली. त्याच संतोषींचे चिरंजीव राजकुमार यांच्या ‘अंदाज अपना अपना’त (१९९४) मेहमूद पडद्यावर आहेत.

परदेशातही एल्विस प्रेस्ली मेम्फिसमध्ये वीज कंत्राटदाराचा ट्रक चालवत होता आणि शॉन कॉनरी एडिंबरात दुधाची घोडागाडी. मला मात्र राजबहादूर अधिक मोठे वाटतात, कारण घाटातल्या जादा इंजिनासारखा जोर त्यांनी लावला आणि स्वतः ड्रायव्हरच राहिले. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार स्वीकारताना रजनीकांत यांनी तो गुरू बालचंदर, थोरले भाऊ सत्यनारायणराव आणि राजबहादूर यांना अर्पण केला. देशाच्या सर्वोच्च चित्रपट सन्मानाच्या व्यासपीठावर एका बस ड्रायव्हरचा नावानिशी उल्लेख झाला.

आपल्या एसटीच्या कर्मचाऱ्यांच्याही आंतरविभागीय नाट्यस्पर्धा होतात. ड्युटी संपवून, खाकी उतरवून माणसं तोंडाला रंग लावतात. त्या प्रयोगांची परीक्षणं वर्तमानपत्रांत यायला हवीत, नटाच्या नावापुढे त्याचा डेपो छापून.