गोधडी : जुनी व नवी

मनुष्याच्या नित्य उपयोगाच्या काही वस्तू इतक्या परिचयाच्या असतात की, त्यांच्या घडणीत विचार करण्याजोगे काही आहे अशी शंकाही आपल्या मनास शिवत नाही. गोधडी ही अशांपैकीच एक होय. आमच्या नागपूरच्या उन्हाळ्याचा लौकिक सर्वदूर पसरलेला आहे. परंतु येथील थंडीही काही सौम्य नव्हे. दि. २९ डिसेंबर २०१८ रोजी या शहरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री ज्या पांघरुणाने कित्येक पिढ्यांचे रक्षण केले त्याची रचना कशी असते, त्यात सांप्रत कोणत्या नव्या रीती आल्या आहेत, आणि त्यांपैकी काय घ्यावे व काय सोडावे, याचा थोडक्यात विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

गोधडी अंगावर घेतली असता ऊब येते, ती गोधडीतून उत्पन्न होत नाही. ती आपल्याच शरीराची असते. कापडाच्या थरांमध्ये अडकून पडलेली निश्चल हवा उष्णतेस सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही, हे याचे कारण. रजईत ही हवा पिंजलेल्या कापसात कोंडलेली असते, तर गोधडीत ती एकावर एक अंथरलेल्या जुन्या वस्त्रांच्या दरम्यान राहते. टाक्यांचे कार्य दुहेरी आहे. ते थरांस एकत्र बांधतात, आणि धुतेवेळी आतील द्रव्य एका कोपऱ्यात गोळा होऊ देत नाहीत. म्हणूनच ज्या रजईचे टाके विरळ, तिच्यातील कापूस लवकर सरकतो. आणि ज्या गोधडीचे टाके दाट, ती वर्षानुवर्षे टिकते.

आपल्या प्रांतातील जुनी रीत पुष्कळांच्या घरी अद्याप कोणास तरी ठाऊक असेल. कोठे हिला गोधडी म्हणतात, कोठे वाकळ. नेसून नेसून मऊ झालेली लुगडी व धोतरे धुऊन, वाळवून ओसरीवर अंथरावयाची, सुरकुत्या हाताने साफ करावयाच्या, कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवावयाच्या, आणि कडेपासून धावदोरा घालीत घालीत आत मध्याकडे यावयाचे, अशी ही पद्धती आहे. फाटलेल्या जागी ठिगळ बसते, व ठिगळांच्या रंगांतूनच नक्षी उमटते. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातील कौदी ही सर्व याच कुळातील भावंडे होत. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या बाजूंस राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी लोकांच्या स्त्रियाही अशीच पांघरुणे शिवतात. त्याही कडेपासून आरंभ करून आत आत जातात, आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या बसवितात. त्यांस त्या ‘फुले’ म्हणतात. आमच्या विदर्भात तर या चिंध्यांच्या वस्त्रास मोठा मान लाभलेला आहे. कारण अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) हेच वस्त्र अंगावर वागवीत, आणि त्यावरून लोक त्यांस गोधडे महाराज म्हणत.

ज्या वस्तूस आपण अडगळीच्या खोलीत टाकतो, तिला परदेशात कलाकृतीचे स्थान मिळाले आहे. १९७१ साली न्यूयॉर्क येथील व्हिटनी संग्रहालयात जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगून त्यांचे प्रदर्शन भरविण्यात आले. पुढे २००२ साली ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात अलाबामा संस्थानातील जीज बेंड या खेड्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या मांडण्यात आल्या. एके काळी गुलामगिरीत खितपत पडलेल्यांच्या या वंशजांनी शेतावर झिजलेल्या विजारी व सदरे यांचे तुकडे, कोणतीही चौकट न आखता, केवळ नजरेच्या अंदाजाने जोडले होते. आज ज्यास ‘आधुनिक गोधडी’ म्हणतात, तीत मोठ्या मोकळ्या जागा, थोडे व ठळक रंग आणि मुद्दाम वाकडे कापलेले तुकडे आढळतात. या शैलीवर या स्त्रियांच्या कामाचा बराच प्रभाव आहे. तेव्हा नवी म्हणून जी वस्तू आपणांपुढे येते, तिची मुळे अशाच गरीब घरांतून रुजलेली आहेत हे ध्यानात ठेवावे.

आता नव्या रीतींकडे वळू. पहिली रीत मापाची. १९७९ साली जपानमधील ओल्फा कंपनीने वर्तुळाकार फिरते पाते असलेला चाकू काढला. जाड पट्टी व खाली चटई ठेवून या चाकूने कापडाचे अनेक थर एकदम सरळ कापता येतात. समजा, नऊ तुकड्यांची चौकट करावयाची आहे. प्रत्येक तुकडा वेगळा न कापता अडीच इंच रुंदीच्या तीन लांब पट्ट्या पाव इंच शिवण धरून जोडाव्या. जोडपट्टी साडेसहा इंच रुंद होते. तिचे अडीच-अडीच इंचांवर आडवे काप करावे, आणि निरनिराळ्या रंगक्रमाचे तीन काप एकमेकांस जोडावे, की नऊ घरांची चौकट तयार झाली. शिवणीत गेलेला भाग वजा जाता तिचे अंतिम माप सहा इंच भरते. पाच फूट रुंद व सात फूट लांब गोधडीस अशा १४० चौकटी, म्हणजे १२६० तुकडे लागतात. या कामात अचूकपणा किती आवश्यक आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी गणितानेच ताडून पाहावे. शिवण प्रत्येक बाजूस केवळ १/३२ इंच जास्त धरली गेली, तर प्रत्येक तुकडा १/१६ इंच लहान होतो. आणि एका ओळीतील तीस तुकड्यांत ती तूट जवळजवळ दोन इंचांवर जाते! मग शेजारच्या ओळींचे सांधे जुळावे कसे?

दुसरी रीत काठांची. मधोमध एक लहान चौरस ठेवून त्याच्या भोवती एकीपुढे एक अशा अरुंद पट्ट्या फिरत्या क्रमाने शिवीत जावयाच्या. दोन बाजूंस गडद रंग, दोन बाजूंस फिकट. अमेरिकेत या नमुन्यास लाकडी ओंडक्यांच्या झोपडीचे नाव आहे. आपल्या घरांतील जुन्या साड्यांच्या काठांस हा नमुना फार शोभतो. वस्त्र विरले तरी काठ बहुधा शाबूत राहतो, हा अनुभव सर्वांचा आहेच. कापड फार जीर्ण असल्यास चौकटीच्या मापाचा मांजरपाट खाली घेऊन त्यावर या पट्ट्या शिवाव्या. त्यायोगे ताण मांजरपाटावर पडतो व जुने वस्त्र फाटत नाही.

तिसरी रीत यंत्राची. शिवणयंत्राचे खालचे दाते खालच्या थरास पुढे ओढतात, आणि वरचा दाब वरच्या थरास मागे रोखतो. त्यामुळे जाड गोधडीचे थर एकमेकांवरून सरकून चुण्या पडतात. यास्तव वरच्या थरासही पुढे चालविणारा एक निराळा पाय मिळतो, तो लावावा. वेलबुट्टीसारखे वळणदार टाके घालणे असल्यास दाते खाली उतरवून कापड दोन्ही हातांनी फिरवावे. मात्र आरंभी कच्चे टाके घालून सर्व थर एकत्र टाचून घेतल्यावाचून यंत्रास हात लावू नये. हे शहाणपण जुन्या हातांचेच आहे.

येथवर रीतींचे झाले. परंतु खरा प्रश्न कापडाचा आहे. हे शहर कापसाच्या मुलखातील. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली, आणि १९७६ साली केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही येथेच स्थापन झाली. ती गिरणी आता बंद पडली आहे. आणि घरोघरच्या कपाटांत सुती लुगड्यांची जागा बहुतांशी कृत्रिम धाग्यांच्या साड्यांनी घेतली आहे. हे कापड घाम शोषीत नाही, कडक इस्त्रीने वितळते, आणि सुती कापडाबरोबर शिवले तर पहिल्याच धुण्यात सुती भाग आटतो व ते मात्र जसेच्या तसे राहते. परिणामी गोधडी आवळल्यासारखी दिसते. म्हणून शिवण्यापूर्वी परीक्षा करावी. वडील माणसांच्या देखत कापडाचा एक धागा जाळावा. सुताचा असल्यास जळक्या कागदासारखा वास येऊन मऊ राख उरते, कृत्रिम असल्यास वितळून कठीण मणी बनतो. तसेच कच्चा रंग ओळखण्यासाठी तुकडे आधी पाण्यात भिजवून पाहावे.

दुसरीकडे नव्या गोधडीच्या हौसेपायी कित्येक लोक नवे कोरे कापड विकत आणून त्याचे तुकडे करतात आणि ते पुन्हा जोडतात. त्यात सौंदर्य नाही असे आम्ही म्हणत नाही; परंतु जुन्यास वाया जाऊ न देणे हा जो गोधडीचा मूळ धर्म, तो त्यात उरत नाही. आमचे मत असे की, माप, पट्टी व यंत्र ही नव्याकडून घ्यावी. काटकसर, दाट टाका व वस्त्रावरील माया ही जुन्याकडून. कापड पुन्हा कोठूनही मिळेल. हाताचे कसब मात्र तसे नाही. ते कोणत्याही ग्रंथात संपूर्ण उतरलेले नाही. शेजारी बसून पाहिल्यावाचून ते येत नाही, आणि ते ज्यांस येते त्यांची दृष्टी व बोटे वर्षागणिक थकत चालली आहेत.

यास्तव आमच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींस एवढेच सुचवावेसे वाटते की, येत्या सुटीत एक लहानसे दुपटे करावयास घ्यावे. छत्तीस इंचांचा चौरस पुरे; वर सांगितलेल्या सहा इंची चौकटी त्यास छत्तीस लागतील. चौकटी नव्या रीतीने मोजून कराव्या. परंतु थर अंथरणे व धावदोरा घालणे ही कामे घरातील आजी, आत्या किंवा मावशी यांच्या शेजारी बसून, त्यांस विचारीत विचारीत करावी. मुलग्यांनी हे आपले काम नव्हे असे समजू नये. सुई धरणारा हात कोणाचा आहे, हे कापडास कळत नाही. पालकांसही आमची विनंती आहे की, जुनी सुती वस्त्रे भांडीवालीस देण्यापूर्वी त्यांतील चार तरी मुलांच्या हाती द्यावी.