चार आण्यांचे पीक

1918 साली मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात जो सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशी एका आकड्याचा तंटा होता. पीक चार आणे, म्हणजे नेहमीच्या पूर्ण पिकाच्या चौथाई, किंवा त्याहून कमी उतरल्यास त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा, असा महसुलाचा नियम होता. पीक चार आण्यांच्या आत आहे असे रयत सांगत होती, तर वर आहे असे सरकारी अंमलदारांचे म्हणणे होते. शेते तीच आणि हंगामही तोच असून वाद मिटेना, कारण पिकाचे हे आण्यांतील माप, म्हणजे आणेवारी, नजरअंदाजाने ठरत असे, आणि कोणाची नजर ग्राह्य धरावी याचा निवाडा करणारी रीत कोणत्याच दप्तरात नव्हती.

अशी रीत संख्याशास्त्राने पुढे दिली. ज्या संपूर्ण समुदायाविषयी विधान करावयाचे, त्याला शास्त्रात समष्टी म्हणतात, आणि तिची मर्यादा आरंभीच आखून घ्यावी लागते. तालुक्यातील सगळी शेते ही एक समष्टी, त्यांतील ज्वारीची शेते ही दुसरी, आणि पहिलीविषयी काढलेला निष्कर्ष दुसरीच्या माथी मारता येत नाही. समष्टीतील प्रत्येक शेत कापून धान्य तोलणे अशक्य असल्याने त्यांतील काही निवडली जातात; हा झाला नमुना.

शेतागणिक जे बदलते ते चल. जमीन जिरायत की बागायत, वाण कोणता, हे गुणात्मक चल. त्यांची नोंद करता येते, गणती करता येते, परंतु सरासरी काढता येत नाही. शेतातील विहिरी मोजल्या तर एक, दोन, तीन अशा सुट्या संख्या मिळतात, आणि धान्याचे वजन मात्र अखंड पट्टीवर कोठेही पडू शकते. म्हणून पहिला चल खंडित, दुसरा संतत. नजरेने ठरवलेल्या आणेवारीची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. तिचा पेहराव संख्येचा असला तरी अंतरंग केवळ क्रमाचे आहे: आठ आण्यांचे पीक चार आण्यांच्या पिकापेक्षा चांगले एवढेच ती खात्रीने सांगते, बरोबर दुप्पट आहे असे नव्हे. अशा अंकांची बेरीज करून त्यावर साऱ्याचा हुकूम काढणे हे माझ्या मते अंमलदाराच्या सचोटीतील उणिवेपेक्षाही मोठे वैगुण्य होते.

आता नमुना निवडावा कसा? रस्त्यालगतची शेते पाहणाऱ्याला सोयीची, नामांकित शेतकऱ्याची शेते डोळ्यांत भरणारी, आणि दोन्हींत समष्टीचे खरे रूप उतरेलच असे नाही. म्हणून निवड माणसाच्या हातून काढून यदृच्छेकडे सोपवतात: प्रथम गावे, मग गावातील सर्व्हे नंबर, आणि शेवटी शेतातील कापणीचा तुकडाही यादृच्छिक अंकांच्या कोष्टकावरून ठरतो. सातारा जिल्ह्यातील बुध येथे 1911 साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी ही पीककापणीची पद्धत भारतात रुजवण्यात मोठा वाटा उचलला. त्याच काळात बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी अगदी लहान तुकडे कापून पाहणी चालवली होती, आणि तुकडा केवढा असावा यावरून या दोघा थोर संशोधकांत गंभीर मतभेद झाला. लहान तुकड्यांतून उत्पन्न फुगून येते, असे सुखात्म्यांनी दाखवले. कारण सरळ आहे: हद्दीवरचे ताट आत घ्यावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. एक मीटर चौरसाला एका चौरस मीटरमागे चार मीटर हद्द लागते, तर दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद तुकड्याला अवघी साठ सेंटिमीटर. असा एकाच दिशेचा दोष हजारो लहान तुकडे कापल्यानेही जात नाही. नमुना वाढवला तर केवळ योगायोगाने पडणारी तफावत घटते.

आज पीक विम्याची भरपाई ठरवतानाही हेच कापणी प्रयोग आधाराला घेतात. महसूल मंडळातील मोजक्या तुकड्यांवरून संपूर्ण मंडळाचे सरासरी उत्पन्न काढले जाते, आणि ज्याचे स्वतःचे शेत बुडाले परंतु मंडळाची सरासरी तरली, त्या शेतकऱ्याला या हिशेबातून काहीच मिळत नाही. प्रयोग अचूक असूनही हे घडते, कारण नमुना समष्टीविषयी बोलतो, तिच्यातील एका शेताविषयी नव्हे; त्या शेताची दाद लावावयाची तर त्याचा पंचनामा स्वतंत्रपणेच करावा लागतो.